कुमुदिनीच्या तळ्यापर्यंत

(दृश्य: सकाळचा घाटरस्ता, धुकं)

सातारा शहर सुटलं की लगेच यवतेश्वरचा घाट लागतो. चढण संपते आणि रस्ता डोंगराच्या माथ्यावरूनच पश्चिमेला निघतो. उजव्या हाताला वेण्णा नदीचं खोरं आणि त्यात कण्हेर धरणाचं पाणी. डाव्या हाताला उरमोडी नदीचं खोरं, आणि धुकं जरा हललं तर सज्जनगड. असं दोन्ही खोऱ्यांच्या मधून साधारण २५ किलोमीटर गेलं की कासचं पठार येतं. उंची समुद्रसपाटीपासून १२०० मीटरच्या आसपास.

बहुतेक जण इथेच उतरतात, तासभर फोटो काढतात आणि जेवणाच्या वेळेपर्यंत परत फिरतात. आपण आज पुढे जाणार आहोत. पठारावरून महाबळेश्वरच्या दिशेनं एक जुनी वाट जाते. तिला राजमार्ग म्हणतात. या वाटेनं दोनेक किलोमीटर चाललं की एक छोटं तळं लागतं. कुमुदिनीचं तळं.

(दृश्य: राजमार्ग, दुतर्फा तेरडा)

वाट जवळजवळ सपाट आहे. मोठी चढण नाही की दरीच्या काठानं जाणं नाही. सात-आठ वर्षांची मुलं सहज चालतात. गुडघ्यांची तक्रार असलेली आजीही काठी टेकत, मधे दोनदा बसत पोचू शकते. ओल्या दगडावर शेवाळ असतं, तेवढं सांभाळायचं. चप्पल नको, पकड असलेले बूट हवेत.

आता पायाखाली बघा. काळसर तांबडा, भोकाभोकांचा दगड दिसतो. हा जांभा. सह्याद्री उभा आहे तो लाव्हारसाच्या काळ्या पाषाणावर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या. उष्ण, भरपूर पावसाच्या हवेत हा पाषाण लाखो वर्षं कुजत राहिला. त्यातली सिलिका पाण्याबरोबर वाहून गेली, मागे उरलं लोह आणि ॲल्युमिनियम. दगडाचा गंजासारखा रंग त्या लोहाचा. माथ्यावर तयार झालेलं हे कवच इतकं टणक असतं की त्यावर मातीचा जेमतेम थर टिकतो. कुठे बोटभर, कुठे वीतभर. मोठं झाड मूळ धरू शकत नाही, म्हणून इथे राज्य छोट्या रोपांचं.

उत्तर युरोपात आणि उत्तर अमेरिकेत फिरायला जाण्याजोगी अशी कित्येक लहान तळी आहेत. ती हिमनदीनं घडवली. हिमयुग सरताना बर्फ मागे हटत गेला, त्याचे प्रचंड तुकडे गाळात पुरले गेले आणि वितळल्यावर त्यांच्या जागी पाण्यानं भरलेले खड्डे राहिले. सह्याद्रीवर हिमनदी कधी उतरली नाही. इथलं तळं घडवलं पावसानं आणि जांभ्यानं. कातळ जिथे परातीसारखा खोलगट झाला, तिथे पाणी थांबलं. पाणी थांबलं तिथे गाळ बसला, आणि गाळात बी रुजलं. डोळ्यांना साधं दिसतं, पण या कातळावर पाणी थांबणं हीच मोठी गोष्ट आहे. आजूबाजूचा सगळा पाऊस तर कड्यांवरून खाली धावतो.

(दृश्य: ओल्या कातळावरची फुलं, जवळून)

वाटेत घाई करू नका. गुलाबी तेरडा आणि पिवळी सोनकी लांबूनच दिसतात, त्यांना शोधावं लागत नाही. शोधावी लागते ती सीतेची आसवं. ओलसर जागी, गवताच्या पात्यांमध्ये, जांभळट निळं, नखाएवढं फूल. दिसतं नाजूक, पण ही वनस्पती कीटकभक्षी आहे. मातीखालच्या भागावर तिला बारीक फुगे असतात. फुग्याच्या आत पाण्याचा दाब कमी असतो. एखादा सूक्ष्म जीव तोंडाशी आला की झडप उघडते आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. आपली पापणी लवायच्या आत हे उरकलेलं असतं. या मातीत नत्र फार कमी, ते ती अशा रीतीनं मिळवते. जवळच दवबिंदू नावाचं दुसरं कीटकभक्षी रोप दिसलं तर त्याच्या पानांवरचे चमकणारे थेंब बघा. ते दव नाही, चिकट रस आहे. चिलट बसलं की सुटत नाही.

उथळ पाण्याच्या डबक्यांत वायतुरा असतो. एका दांड्याला दोन फाटे, दोन्हींवर गुलाबी तुरे. १९८२ साली शास्त्रानं या वनस्पतीची नोंद केली आणि तिच्या शास्त्रीय नावात सातारा आला, ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. जगात ती सह्याद्रीच्या या उत्तर भागातल्या पठारांवरच सापडते. डबकं आटलं की कंद मातीत झोपून जातो आणि पुढच्या पावसाची वाट बघतो. एप्रिलमध्ये त्याच जागेवरून चालणाऱ्याला पायाखाली काय आहे याचा पत्ता लागत नाही. साताऱ्याच्या प्रत्येक शाळेतल्या मुलांना हे फूल एकदा तरी दाखवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: तळं. निवेदन थोडा वेळ थांबतं. बेडकांचे आवाज.)

हे तळं. आकारानं मोठं नाही. पाण्यावर हृदयाच्या आकाराची पानं पसरलेली, आणि पानांमधून वर आलेली पांढरी फुलं. कुमुदिनी. लांबून पाहणारे हिला कमळ म्हणतात, पण कमळाशी हिचं नातं नाही. फूल रुपयाच्या नाण्याच्या आसपास, मध्ये पिवळं, आणि पाकळ्यांवर पांढऱ्या केसांची दाट झालर. फुलाचा देठ पानाच्याच देठातून फुटतो, त्यामुळे फूल पानातून उगवल्यासारखं दिसतं.

हे फूल एका दिवसाचं असतं. सकाळी उमलतं, दुपार झाली की मिटतं. जेवण करून आरामात आलेल्यांना म्हणून नुसती पानं दिसतात. आणखी एक गंमत या जातीत आहे. काही झाडांच्या फुलांत मधला दांडा लांब आणि पुंकेसर आखूड, तर काहींत नेमकं उलट. बी चांगलं धरायचं तर पराग एका प्रकारच्या फुलातून दुसऱ्या प्रकारच्या फुलात पोचावा लागतो. तळ्यावर घोंघावणाऱ्या माश्या हेच काम करत असतात. दगड फेकून पाणी ढवळू नये, ते यासाठीही.

काठावर दहा मिनिटं शांत बसलात तर चतुर दिसतील. नशीब असेल तर टिबुकली हा छोटा पाणपक्षी बुडी मारून भलतीकडेच वर येताना दिसेल.

(दृश्य: पठार, रांगेत चालणारी माणसं)

२०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. त्यातली चार महाराष्ट्रात आहेत, आणि कास त्यातलं एक. फुलझाडांच्या साडेआठशेहून जास्त जाती इथे नोंदवल्या आहेत. वारसा जाहीर झाला आणि गर्दी वाढली. हंगामात पठाराची राखण आसपासच्या गावांतले लोक वन समितीमार्फत करतात. तिकीट, गाड्या लांब लावायला सांगणं, कचरा उचलणं, फुलांत शिरलेल्यांना बाहेर काढणं, सगळं भर पावसात उभं राहून. त्यांनी शिट्टी वाजवली तर वाद घालू नका. फोटोसाठी एक माणूस तेरड्यात आडवा झाला की त्याच्यामागे दहा जण त्याच जागी झोपतात, आणि तिथलं बी धरण्याआधीच चिरडलं जातं. वीतभर मातीत पुन्हा रुजणं सोपं नाही.

गुरांच्या चराईवर मात्र मतं वेगळी आहेत. पूर्वी इथे गुरं चरायची. चराई थांबल्यावर गवत माजलं आणि छोट्या फुलांना ऊन मिळेना, असं जुनी माणसं सांगतात. मला त्यांच्या म्हणण्यात तथ्य वाटतं. माणसाचा वावर आणि गुरांचा वावर एकाच मापानं मोजता येणार नाही.

पठाराच्या पुढे कास तलाव आहे. इंग्रजी अमलात बांधलेला हा तलाव आजही सातारा शहराला पाणी देतो. परतताना वेळ असेल तर तिथेही थांबा.

जायचं असेल तर सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पहिला भाग चांगला, पण नेमका बहर पावसावर ठरतो. शनिवार-रविवार टाळा, मधला वार निवडा. ऑनलाइन तिकीट आधी काढून ठेवा. साताऱ्यातून सकाळी लवकर निघालात तर फुलं उमललेली असताना तळ्यावर पोचाल. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, वर वारा फार असतो. डबा आणि पाण्याची बाटली सोबत घ्या, आणि रिकाम्या पिशव्या परत साताऱ्यात आणा.