हजार पौंडांचा थाट

श्रोतेहो, नमस्कार.

सप्टेंबर 1935. लंडनच्या मेफेअर हॉटेलात मोटारींचे विक्रेते आणि वार्ताहर जेवायला बोलावले होते. जेवणं उरकली आणि पाहुण्यांसमोर एक नवी चार दारांची गाडी आली. लांबलचक बॉनेट, मोठाले दिवे, ठेंगणी आणि रुबाबदार. किंमत मात्र कुणी सांगेना. उलट पाहुण्यांनाच चिठ्ठ्या दिल्या आणि म्हटलं, तुम्हीच अंदाज लिहा. चिठ्ठ्या गोळा झाल्या, सरासरी निघाली 632 पौंड. मग खरा आकडा जाहीर झाला, तो चारशे पौंडांच्याही आतला.

गाडीचं नाव होतं एसएस जॅग्वार. चिठ्ठ्यांचा हा खेळ मांडणारे विल्यम लायन्स तेव्हा चौतीस वर्षांचे होते. मला विचाराल तर या कंपनीचं सगळं चरित्र त्या चिठ्ठ्यांमध्ये आहे. गाडी वाटते त्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात मिळायची. आवळा देऊन कोहळा. आता कोहळा इतक्या स्वस्तात हाती आला, की तो आतून कसा निघाला हे घरी नेऊन चिरल्यावरच कळतं. तिकडेही आपण येऊच.

सुरुवात झाली ब्लॅकपूलला. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचं, सुट्टीत कामगारांनी गजबजणारं हे गाव. तिथे विल्यम वॉम्सली नावाचा माणूस मोटारसायकलला जोडायच्या साइडकार बनवायचा. ॲल्युमिनियमच्या, आठ पैलूंच्या, एखाद्या विमानाच्या पोटासारख्या चकचकीत. शेजारच्या घरातल्या तरुण लायन्सनी एक विकत घेतली आणि यात धंदा आहे हे ओळखलं. 1922 साली दोघांनी भागीदारीत स्वॅलो साइडकार कंपनी काढली. स्वॅलो म्हणजे पाकोळी. तेव्हा लायन्स जेमतेम एकवीस वर्षांचे होते.

पाच वर्षांनी, 1927 मध्ये, ते मोटारीकडे वळले. पण इंजिन त्यांचं नव्हतं. ऑस्टिन सेव्हन ही त्या काळातली सामान्य माणसाची छोटी गाडी. तिची नुसती चासी, म्हणजे खालचा सांगाडा, घ्यायची आणि वर आपली देखणी, दोन रंगांत रंगवलेली बॉडी चढवायची. साध्या घराला वाड्याचा दर्शनी भाग लावावा, तसं. लंडनच्या एका बड्या विक्रेत्याने एकदम पाचशे गाड्यांची मागणी नोंदवली आणि ब्लॅकपूलच्या रेल्वे यार्डात ऑस्टिनच्या चासींची रांग लागली. कारखाना पुरेना. 1928 मध्ये सगळं बिऱ्हाड कॉव्हेंट्रीला हललं. इंग्लंडच्या मोटारधंद्याचं ते माहेरघर.

1931 मध्ये आली एसएस वन. लायन्सना तिचं छप्पर अगदी खाली, बॉनेटला टेकल्यासारखं हवं होतं. नेमकं त्याच वेळी अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी त्यांना इस्पितळात भरती व्हावं लागलं. इकडे वॉम्सलींना वाटलं, आत बसणाऱ्याच्या डोक्याला जागा नको का? त्यांनी छप्पर वर उचललं. लायन्स परत आले, गाडी पाहिली आणि भडकले. व्यवहाराच्या बाजूने वॉम्सलींचं काही चुकलं नव्हतं. पण गाडीकडे आधी रस्त्यावरून पाहायचं, आत बसायचं नंतर, हा लायन्सचा धर्म होता. पुढे काही वर्षांत दोघे वेगळे झाले. लंडनच्या एका वर्तमानपत्राने या गाडीचं वर्णन करताना लिहिलं की तिचा थाट हजार पौंडांचा आहे. किंमत होती 310 पौंड.

एसएस हे नाव 1945 मध्ये सोडून द्यावं लागलं. हिटलरच्या एसएस दलाने त्या दोन अक्षरांचा जो अर्थ करून ठेवला होता, त्यानंतर ती गाडीच्या नाकावर मिरवणं कुणाला शक्यच नव्हतं. मग कंपनीचंच नाव जॅग्वार झालं. बॉनेटवर झेप घेणारं ते जनावर मात्र युद्धाच्या आधीच आलेलं होतं.

आणि युद्धातच कंपनीचा सगळ्यात मोठा ठेवा तयार झाला. 1940 च्या नोव्हेंबरात जर्मन विमानांनी कॉव्हेंट्री भाजून काढली होती. रात्री कारखान्यावर पहारा ठेवावा लागे, आगलावे बॉम्ब पडले तर विझवायला. लायन्सनी पाळ्या अशा लावल्या, की स्वतः ते, मुख्य इंजिनिअर विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली एकाच रात्री पहाऱ्याला येतील. आकाशाकडे लक्ष ठेवता ठेवता हे चौघे एका इंजिनाची चर्चा करत बसायचे. शांतता झाली की बनवायचं म्हणून. त्यातून निघालं सहा सिलिंडरचं एक्सके इंजिन. शर्यतीच्या गाडीत, सलूनमध्ये म्हणजे चार दारांच्या बंद गाडीत, चिलखती लष्करी गाड्यांत आणि थेट 1992 पर्यंत बनलेल्या लिमोझिनमध्येही तेच घराणं चाललं. ज्या माणसावर नुसता बॉडीवाला म्हणून हिणकस शेरे मारले जात, त्याने हे असं उत्तर दिलं.

हे इंजिन दाखवायचं म्हणून 1948 च्या लंडन प्रदर्शनासाठी एक दोन आसनी गाडी घाईघाईने उभी केली, एक्सके 120. लायन्सना वाटलं होतं दोनशेच्या आसपास खपतील. लोकांनी प्रदर्शनात गर्दी केली आणि बेत बदलावा लागला. नावातला 120 हा ताशी मैलांचा दावा होता. शंका घेणाऱ्यांसाठी 1949 मध्ये बेल्जियममधल्या याबेके इथल्या सरळ रस्त्यावर वार्ताहरांसमोर गाडी पळवली. 132 मैलांच्या वर गेली, म्हणजे ताशी 213 किलोमीटर. लगेच तीच गाडी टॉप गिअरमध्ये, पायी चालणाऱ्याच्या चालीने, त्यांच्यासमोरून नेऊन दाखवली. त्या वेळच्या ब्रिटनमध्ये पोलादाचा कोटा निर्यातीवर ठरे, त्यामुळे गाड्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. सुरुवातीच्या एका गाडीत हॉलिवूडचे क्लार्क गेबल बसले. जाहिरात करायला वेगळा खर्च पडला नाही.

मग ल मान्स. फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत. जॅग्वारने ती 1951 आणि 1953 मध्ये जिंकली, पुढे 1955, 1956 आणि 1957 अशी लागोपाठ तीन वर्षं. यातला 1953 चा विजय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो ब्रेकचा विजय आहे. डनलॉपच्या साथीने बनवलेले डिस्क ब्रेक त्या गाड्यांना होते. बाकीच्यांचे ड्रम ब्रेक तापून निकामी व्हायचे आणि जॅग्वारवाले वळणाच्या अगदी तोंडाशी जाऊन ब्रेक दाबायचे. आज तुमच्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला जी पोलादी चकती दिसते, तिला अशा शर्यतींनी नाव मिळवून दिलं.

1955 च्या विजयावर दुःखाची सावली पडली. त्या शर्यतीत एक मर्सिडीज उडून प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच शर्यतीसाठी निघालेला लायन्स यांचा एकुलता एक मुलगा जॉन वाटेत अपघातात वारला होता. पुढच्या वर्षी लायन्स सर विल्यम झाले, आणि त्याच्या पुढच्या वर्षी कारखान्याला आग लागली. 1957 चा तो फेब्रुवारी.

आता रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, त्यामुळे जॅग्वारच्या ई टाइप या गाडीचं वर्णन माझ्या शब्दांवरच भागवून घ्या. निम्म्याहून अधिक गाडी म्हणजे बॉनेटच. माणूस बसतो तो जवळजवळ मागच्या चाकांवर. कुठे कोपरा नाही, कुठे कड नाही. नदीतल्या गोट्यावरून हात फिरवावा, तसा पाण्याने घासून काढलेला आकार. तो आखला माल्कम सेयर यांनी. ते विमानाच्या धंद्यातून आले होते आणि हवा अंगावरून कशी वाहते याची आकडेमोड करून रेषा ओढायचे. मार्च 1961 मध्ये जिनिव्हात ती प्रकटली. फेरफटक्याला बसायला एवढी झुंबड उडाली, की कॉव्हेंट्रीला निरोप गेला, दुसरी गाडी पाठवा. चाचणी चालक नॉर्मन ड्युइस संध्याकाळी निघाले आणि रात्रभर गाडी हाकत सकाळी जिनिव्हात हजर झाले. किंमत दोन हजार पौंडांच्या थोडी वर, ॲस्टन मार्टिनच्या साधारण निम्मी. मेफेअरच्या चिठ्ठ्या आठवतात ना?

त्याच काळातली मार्क टू ही सलून चोर आणि पोलीस दोघांचीही लाडकी होती. बँक लुटणारे हीच गाडी पळवायचे, आणि त्यांच्या मागे लागणारे पोलीसही हीच घ्यायचे. जॅग्वारच्या लौकिकाला ही एक छटा कायम राहिली. रोल्स रॉइसमध्ये बसणाऱ्याला इंग्रज माणूस वाकून वाट देतो. जॅग्वारवाल्याकडे पाहून तो मनात विचारतो, याच्याकडे पैसे कुठून आले? पुढे टोनी ब्लेअर यांचे उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांना तिथल्या पत्रकारांनी टोपणनावच दिलं, टू जॅग्ज. दोन जॅग्वारवाला. दोन बेंटलीवाला म्हटलं तर त्यात गंमत उरत नाही.

आता कोहळा आतून पाहू.

1966 मध्ये लायन्सनी कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीत विलीन केली. घरात वारस उरला नव्हता. दोन वर्षांत त्या सगळ्याचं ब्रिटिश लेलँड झालं आणि 1975 मध्ये सरकारीकरण. एक्सजे सिक्ससारखी उत्तम गाडी हाताशी होती, पण संप, तुटलेले सुटे भाग, गंजणारा पत्रा आणि गळणारं ऑइल. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. एका टप्प्यावर रंगाच्या कारखान्यातल्या घोळामुळे गाडी फक्त लाल, पिवळ्या आणि पांढऱ्या रंगात मिळत होती. वायरिंगची कीर्ती तर विचारूच नका. दिवे, स्विच वगैरे सामान लुकास या कंपनीचं असे, आणि गाडीवेड्यांनी तिच्या नावाला पदवी जोडली होती, अंधाराचा राजपुत्र. इंग्रज बिअर कोमट का पितात? कारण त्यांचे फ्रीज लुकासने बनवलेत. विनोद जुना आहे, पण ज्याची गाडी पावसात बंद पडलीय त्याला दर वेळी नवा वाटतो.

त्या काळातली एक गोष्ट मला फार आवडते. जॅग्वारच्या इंजिनिअरांना भीती होती, की लेलँडचे साहेब आपल्या नव्या गाडीत रोव्हर या दुसऱ्या कंपनीचं व्ही एट, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन कोंबतील. म्हणून त्यांनी बॉनेटखालची जागाच अशी अरुंद आखली, की ते इंजिन आत बसूच नये. कारकुनी चातुर्य म्हणतात ते हेच. पुढे त्यांना स्वतःचं व्ही ट्वेल्व, म्हणजे बारा सिलिंडरचं इंजिन, बसवायचं झालं, तेव्हा तेही बसेना. जागा नव्याने करायला भरपूर पैसे मोजावे लागले.

1980 मध्ये जॉन ईगन आले. त्यांनी बिघाडांची यादी करायला घेतली आणि मोठा दोष बाहेरून येणाऱ्या सुट्या भागांत सापडला. वॉरंटीचा भुर्दंड त्यांनी त्या पुरवठादारांवरच टाकला. कंपनी सावरली, 1984 मध्ये पुन्हा खासगी झाली आणि 1989 मध्ये फोर्डने ती 1.6 अब्ज पौंडांना घेतली. सर विल्यम तोवर गेले होते, 1985 मध्ये. फोर्डने पैसा ओतला, गाड्या रस्त्यात बंद पडायच्या थांबल्या. पण 2001 ची एक्स टाइप निघाली फोर्ड माँडेओच्या सांगाड्यावर, आणि लोकांनी ते ओळखलं. मला या टीकेचं थोडं हसू येतं. ऑस्टिनच्या चासीवर बॉडी चढवूनच तर हे घराणं उभं राहिलं होतं. फरक एवढाच, की तेव्हा वरची बॉडी पाहून माणूस खालचं विसरायचा.

2008 मध्ये टाटा मोटर्सने जॅग्वार आणि लँड रोव्हर दोन्ही मिळून 2.3 अब्ज डॉलरना घेतल्या. इथे ती डेट्रॉइटची गोष्ट येणारच. 1999 मध्ये रतन टाटा आपला मोटारींचा धंदा विकायला फोर्डकडे गेले आणि तिथे अपमान वाट्याला आला, अशी. टाटा समूहातले अधिकारी प्रवीण काडले यांनी ती 2015 मध्ये मुंबईत रतन टाटांच्या वतीने यशवंतराव चव्हाण पुरस्कार स्वीकारताना सांगितली, आणि तेव्हापासून ती फोनाफोनी फिरतेच आहे. गोष्ट गोड आहे. पण व्यवहार म्हणून पाहिलं तर सोन्याची खाण लँड रोव्हर ठरली. जॅग्वार तिच्यासोबत आली, भाजीबरोबर कोथिंबीर यावी तशी. फोर्डने एकट्या जॅग्वारसाठी मोजलेली रक्कम या दोन्हींच्या किमतीहून जास्त होती. पुढे पुण्यात लँड रोव्हरची जुळणी सुरू झाली आणि 2013 पासून जॅग्वार एक्सएफचीही. कॉव्हेंट्रीचं जनावर पिंपरी चिंचवडच्या रस्त्यांवर चाचणीला निघालं.

गाड्या चांगल्या निघाल्या. विजेवरची आय पेस 2019 ची जागतिक कार ठरली. खप मात्र जर्मनांच्या जवळपासही फिरकला नाही. बीएमडब्ल्यू वर्षाला वीस लाखांहून जास्त गाड्या विकते, जॅग्वारने दोन लाखांचा आकडाही कधी पाहिला नाही. अखेर कंपनीने ठरवलं, गर्दीतून बाहेर पडायचं. फक्त विजेच्या, फक्त महागड्या, थोड्या गाड्या. नोव्हेंबर 2024 मध्ये जाहिरात आली, तिच्यात भडक कपड्यांतली माणसं होती, गाडी नव्हतीच. इलॉन मस्क यांनी विचारलं, तुम्ही गाड्या विकता का? पुढच्या महिन्यात मायामीत टाइप झीरो झीरो दाखवली. लांब बॉनेट, ठेंगणं छप्पर. जाहिरातीचं घोषवाक्य लायन्स यांच्याच म्हणण्यावरून घेतलं होतं, कशाचीही नक्कल नको.

किंमत मात्र एक लाख पौंडांच्या पुढे ठेवायचा कंपनीचा विचार आहे. म्हणजे या वेळी चिठ्ठ्या वाटल्या, तर पाहुण्यांचा अंदाज खऱ्या किमतीच्या खाली असण्याची भीती.

लायन्स स्वतः चित्र काढत नसत. पत्रा ठोकणाऱ्या कारागिरांना शेजारी उभं करून ते पूर्ण आकाराचा नमुना बनवून घ्यायचे, मग तो वॉपेनबरीच्या आपल्या घरी आणवायचे आणि बागेत, दिवसाच्या उजेडात उभा करायचे. थोडं मागे सरायचे, बाजूने पाहायचे, पुन्हा पुढे यायचे. मग कारागिराला सांगायचे, इथून जरा कमी कर.