शाळेची मिस्सा कशी उभी राहते

नमस्कार श्रोतेहो. कॅथलिक हायस्कूल म्हटलं की गणवेश, शिस्त आणि सिस्टरांचा धाक एवढंच बाहेरच्यांना आठवतं. आतल्या मुलांना विचारा, ती बाकीच्या शाळांसारखीच यादी देतील: खेळ, नाटक, वादविवाद. त्याच्या जोडीला समाजसेवेचे तास आणि वर्षातून एकदा रिट्रीट, म्हणजे प्रार्थना-चिंतनाचं शिबिर. पण या शाळांचं सगळ्यात मोठं विद्यार्थी-काम त्या यादीत सहसा येतच नाही. ते म्हणजे शाळेची मिस्सा, फादर वेदीवर भाकर आणि द्राक्षारस अर्पण करून साजरी करतात ती कॅथलिक उपासना. समोर वेदीवर फादर दिसतात, आणि सहाशे जणांची मिस्सा पार पडावी म्हणून पंचवीस-तीस मुलंमुली राबत असतात. वाचक, वेदीसेवक, गायकवृंद, माइक सांभाळणारे, रांगा लावणारे. आज त्यांच्याविषयी बोलू.

सुरुवात कागदापासून. शाळेची मिस्सा बहुधा कामाच्या दिवशी असते. अशा दिवशी बायबलमधलं एक वाचन, प्रतिसाद स्तोत्र आणि शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातला उतारा, एवढंच असतं. दुसरं वाचन येतं ते रविवारी आणि मोठ्या सणांना. सामान्य काळात, म्हणजे मोठ्या सणांचे काळ सोडून उरलेल्या वर्षात, कामाच्या दिवसांची पहिली वाचनं दोन वर्षांच्या चक्रात फिरतात, विषम सनाला एक संच, सम सनाला दुसरा. हे ठाऊक नसलं की गेल्या वर्षीची प्रत तशीच छापली जाते, आणि मुलगी वेदीपाशी जाते तेव्हा ग्रंथात वेगळंच पान उघडलेलं असतं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात ‘आलेलुया’ हा आनंदघोष नसतो, हेही गायकवृंदाला महिनाभर आधी सांगावं लागतं, नाहीतर सवयीने पेटी वाजतेच.

वाचकांना मी सगळ्यात जास्त वेळ देईन. वाचन दीड-दोन मिनिटांचं असतं, पण फसतं तिथेच. वाचन घरी पाठ करू नका, मोठ्याने पाच वेळा वाचा. नबुखद्नेस्सर, थेस्सलनीकाकर अशी नावं अक्षरं तोडून पेन्सिलीने लिहून ठेवा. लाल शाईतल्या सूचना वाचायच्या नसतात, त्या वाचकासाठी असतात. तरीही कुणीतरी ‘पहिले वाचन’ असं भारदस्तपणे सांगतंच. माइक तोंडापासून साधारण एक वीतभर दूर आणि जरा खाली ठेवा. अगदी तोंडाशी धरला की ‘प’ आणि ‘फ’ फटाक्यासारखे फुटतात. मिस्सा चॅपलमध्ये न होता मोठ्या हॉलमध्ये असेल, तर भिंतीवरून परतणारा आवाज पुढच्या शब्दावर आदळतो. म्हणून नेहमीपेक्षा सावकाश वाचा आणि वाक्य संपलं की एक श्वास थांबा. माइक स्पीकरच्या पुढ्यात आणलात तर शिट्टी ठरलेली. शेवटचं ‘हा प्रभूचा शब्द’ वाचनाला चिकटवून म्हणू नका. मनातल्या मनात तीनपर्यंत मोजा, मग म्हणा.

विश्वासणाऱ्यांच्या प्रार्थना विद्यार्थीच लिहितात, आणि दर वेळी लांबवतात. चार प्रार्थना पुरतात. क्रम असा: ख्रिस्तसभेसाठी (म्हणजे चर्चसाठी), राज्यकर्ते आणि जगासाठी, दुःखितांसाठी, मग आपल्या शाळेसाठी. प्रत्येकी एक वाक्य, वीस-पंचवीस शब्दांचं. प्रार्थनेच्या आडून कुणाला टोमणा मारायचा नाही आणि उपदेशही करायचा नाही. आजारी विद्यार्थ्याचं नाव घ्यायचं असेल तर आधी त्याच्या घरच्यांची परवानगी घ्या.

प्रवचन मात्र धर्मगुरू किंवा डीकनने (धर्मगुरूच्या खालच्या पायरीच्या दीक्षित सेवकाने) करायचं असतं. विद्यार्थी-प्रतिनिधीला चार शब्द बोलायचे असतील तर जागा आहे ती ख्रिस्तप्रसाद, म्हणजे अर्पण केलेली भाकर, वाटून झाल्यावरच्या प्रार्थनेनंतर. ‘मुलांचं मुलांना जास्त पटतं’ म्हणून प्रवचनाच्या जागी त्याला उभं करण्याचा मोह पुष्कळ शाळांना होतो. तो टाळलेला बरा.

आता गाणी. गायकवृंदाची नेहमीची चूक म्हणजे पट्टी. चांगल्या गळ्याची चार मुलं उंच पट्टीत गातात आणि बाकीचा हॉल गप्प बसतो. नववी-दहावीच्या मुलांचा आवाज फुटत असतो, वरचा सूर त्यांना लागत नाही आणि लाज वाटते ती वेगळीच. पट्टी एक-दोन सुरांनी उतरवा. एका मिस्सेत एकच नवीन गाणं ठेवा आणि मिस्सेआधी पाच मिनिटं सगळ्यांकडून त्याचं ध्रुवपद म्हणवून घ्या. प्रवेशगीत फादर वेदीजवळच्या आसनापाशी पोचेपर्यंतच हवं. उरलेली तीन कडवी गाण्याचा हट्ट नको.

वेदीसेवकांमध्ये धूपदानाचं काम सगळ्यांना हवं असतं. कोळशाची तबकडी चिमट्यात धरून पेटवायची आणि तिच्यावर करडी राख चढेपर्यंत सात-आठ मिनिटं थांबायचं. घाईने धूप टाकला तर कोळसा गुदमरतो आणि ऐन वेळी धूर येत नाही. बंद हॉलमध्ये छतावर धुराचा अलार्म असतो, हे कुणाच्या ध्यानात नसतं. हॉलची देखभाल करणाऱ्यांना आदल्या दिवशी सांगा. सोय होत नसेल तर धूप वगळा, तो सक्तीचा नाही. मेणबत्त्या धरणारे दोघे एका उंचीचे निवडा.

ख्रिस्तप्रसादाच्या वेळी हिशेब लागतो. एकाला सरासरी पाच सेकंद धरा. चारशे जण घेणार असतील आणि चार ठिकाणी वाटप असेल, तर आठ-नऊ मिनिटं. दोनच ठिकाणी असेल तर सतरा, आणि पुढचा तास बुडतो. रांगा लावणाऱ्यांनी मागच्या ओळीपासून सुरुवात करावी की पुढच्या, हे आधी ठरवा, मध्येच बदलू नका. जे कॅथलिक नाहीत त्यांना काय करायचं हे मिस्सेआधीच शांतपणे सांगा: जागेवर बसून राहिलं तरी चालतं. अनेक ठिकाणी हात छातीवर दुमडून पुढे येऊन आशीर्वाद घेण्याची पद्धत आहे, पण तिथल्या फादरना आधी विचारा. हे न सांगितल्यामुळे एखादा मुलगा रांगेतून मागे फिरतो आणि आख्खा वर्ग बघत राहतो. या मुलांना मिस्सेच्या तयारीतून मात्र वगळू नका. गायन, माइक, सजावट, रांगा ही कामं त्यांना देता येतात. वाचन मात्र कॅथलिक विद्यार्थ्याकडेच असावं. इतर पंथाच्या ख्रिस्ती विद्यार्थ्याला एखाद्या खास प्रसंगी द्यायचं, तर बिशपांची परवानगी लागते.

गव्हातलं ग्लुटेन न सोसणारी मुलं प्रत्येक शाळेत निघतात. ख्रिस्तप्रसादाची भाकर गव्हाचीच लागते, त्यामुळे ग्लुटेन अजिबात नसलेली चालत नाही, अगदी अल्प ग्लुटेन असलेली मिळते. ती वेगळ्या छोट्या डबीत ठेवायची आणि तिला दुसऱ्या भाकरींचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही. तेवढंही ज्याला चालत नाही त्याला फक्त प्याल्यातून ख्रिस्तप्रसाद. हे त्या मुलाने ऐन वेळी फादरना कानात सांगायची पाळी येऊ नये. अशा मुलांची यादी मिस्सेची तयारी करणाऱ्यांकडे हवी.

एक गोष्ट पालकांसाठी. मिस्सेत मुलं चक्कर येऊन पडतात, त्याचं कारण पुष्कळदा उपाशीपोटी येणं असतं. नियम एवढाच आहे की ख्रिस्तप्रसादाआधी एक तास काही खायचं नाही. पाणी आणि औषध त्यात धरत नाहीत. मिस्सा नऊला असेल तर ख्रिस्तप्रसाद पावणेदहाच्या सुमारास येतो, म्हणजे साडेआठला नाश्ता झाला तरी चालतं. आणि उभं असताना गुडघे ताठ कुलूपबंद करू नका, किंचित सैल ठेवा.

सगळे वर्गात परतल्यावर दोघा-तिघांचं काम उरतं. प्याला पुसलेली वस्त्रं आणि वेदीवरचं चौकोनी वस्त्र थेट मशीनमध्ये जात नाहीत. आधी स्वच्छ पाण्यात भिजवून पिळायची आणि ते पाणी नेहमीच्या मोरीत न टाकता स्वच्छ मातीत ओतायचं. मग नेहमीसारखी धुवायची. चौकोनी वस्त्राला इस्त्री करताना आधी आडवे तीन भाग, मग उभे तीन, असे नऊ चौकोन पडतात. घडी आतल्या बाजूला घ्यायची, म्हणजे पुढच्या वेळी वेदीवर उलगडलं की भाकरीचा एखादा कण पडला तरी तो मधल्या चौकोनातच राहतो.