युनियनची पावती

श्रोतेहो, नमस्कार. युनियनच्या पैशाचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच कुजबुज सुरू होते. मी पंधरा वर्षं एका कारखान्यातल्या युनियनचा खजिनदार होतो, म्हणून आज मोकळेपणाने बोलतो.

1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. रविवारची सुट्टी मिळाली ती त्या लढ्यातून. पण संघटनेकडे ना सभासदांची यादी होती, ना निधी. पुढे 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याने खर्चाला शिस्त लावली; तो 2025 पर्यंत लागू होता. कोर्टकचेरी, संपातली मदत, आजारपण, अपघात, मुलांचं शिक्षण यांवर युनियनचा निधी खर्च करता यायचा. राजकारणासाठी मात्र वेगळा निधी लागायचा आणि त्यात पैसे घालायची सक्ती कुणावरही करता येत नसे.

आमच्याकडे पगाराच्या दिवशी गेटजवळ टेबल मांडायचं, पावतीपुस्तकात कार्बन घालायचा आणि वर्गणी घ्यायची अशी रीत होती. पुढे कामगारांची लेखी संमती घेऊन ती पगारातूनच कापली जाऊ लागली. सोय झाली खरी, पण त्या टेबलापाशी होणारं बोलणं तुटलं, याची मला आजही हळहळ वाटते. "माझ्या केसची तारीख कधी?" हे माणूस तिथेच विचारायचा.

खरी कसोटी लागते ती मालकाशी पगारवाढीचा करार झाल्यावर. मागच्या महिन्यांच्या वाढीव पगाराची, म्हणजे फरकाची, रक्कम एकदम हातात येते आणि त्यातून युनियनसाठी पैसे घेतले जातात. एका वर्षी ऐन गर्दीत पावतीपुस्तकं संपली. मी नावं वहीच्या पानावर लिहून घेतली आणि पावत्या नंतर देतो म्हणालो. ती माझी चूक होती. वार्षिक सभेत एक जुने वेल्डर उभे राहिले: "माझी पावती कुठंय?" सभासदाला वह्या बघण्याचा हक्क कायद्यानेच आहे. दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात आले, चष्मा लावून पानन् पान बघत बसले. चारशे रुपयांचा मेळ लागत नव्हता. संध्याकाळी आम्ही पदाधिकाऱ्यांनी ते आपल्या खिशातून भरले.

त्यानंतर दर महिन्याचा जमाखर्च मी कॅन्टीनच्या दाराशी फळ्यावर लावू लागलो: वकिलाची फी किती, बडतर्फ साथीदाराच्या घरी किती दिले, शिल्लक किती. चहाचा ग्लास हातात घेऊन माणसं तो वाचत उभी राहायची.