आधी हात, मग पेन्सिल

(दृश्य: तुर्भे स्टोअर, सकाळ. ट्रकची रांग, कांद्याच्या गोणी, मागून ठाणे-वाशी लोकल जाते.)

नवी मुंबईतलं एपीएमसी मार्केट, म्हणजे शेतमालाचा घाऊक बाजार, रात्रीपासूनच जागं असतं. इथल्या कितीतरी आया सकाळी लसूण निवडायला जातात, काही वाशीच्या बिल्डिंगांमध्ये घरकामाला, आणि निघताना लेकराला या खोलीत सोडतात. खोली म्हणजे काय, वर पत्रा, एक पंखा, भिंतीवर रंग उडालेला हत्ती. आपली अंगणवाडी.

दारातलं हे बघा. पोरगी आईची ओढणी सोडत नाहीये. आपल्या घरांमध्ये अशा वेळी काय करतात, "तो बघ कावळा" म्हणायचं आणि आईने मागच्या मागे सटकायचं. सेविका ताई ते करू देत नाहीत. आईने सांगूनच निघायचं, की बाळा मी कामाला चाललेय, खिचडी खाऊन झाली की आजी न्यायला येईल. एवढ्याशा पोरीला बारा वाजता म्हणजे कधी ते कळत नाही पण खिचडी बरोबर कळते. रडली तर रडू दे. ताई तिच्यासमोर उकिडव्या बसतात, "रडू नको" म्हणतच नाहीत.

(इथे निवेदन नाही. नुसता आवाज.)

(दृश्य: क्लोजअप. परात, पाणी, स्पंज, छोटे हात.)

आता या हातांकडे नीट बघा. परातीत पाणी, दोन वाट्या, एक स्पंज. स्पंज बुडवायचा, उचलायचा, दुसऱ्या वाटीवर नेऊन पिळायचा, परत बुडवायचा. निम्मं पाणी फ्रॉकवर सांडतं, चालतंय. शेजारचा गट मटार सोलतोय, अंगठ्याने शेंग दाबायची, फट पडली की बोटाने दाणे काढायचे, आणि एखादा दाणा हमखास नाकात जाऊ शकतो म्हणून मदतनीस ताई तिथून हलत नाहीत. तिकडे एकजण कपड्याचा चिमटा दोरीला लावतोय, सुटतोय, पुन्हा लावतोय. ताईंचा हात मधे येत नाही. ही सवय सगळ्यात अवघड, कारण आपल्याला घाई असते.

पेन्सिल धरायची ताकद इथूनच येते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, आणि मनगट स्थिर. पण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं नुसता खेळ चाललाय. गल्लीच्या तोंडावर नर्सरीचा फ्लेक्स आहे, तिथे तीन वर्षांची पोरं चाररेघी वहीत ए बी सी डीच्या ओळी भरतात. हे चूक आहे असं आमचं स्पष्ट मत, आणि 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही या वयाला खेळातून शिकणंच सांगितलंय.

(दृश्य: जुनी छायाचित्रं, मग बोर्डीचा किनारा, डहाणूजवळचे पाडे.)

हे काही आजचं खूळ नाही. 1945 साली बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात, पालघर वेगळा झाला तो 2014 ला. गरीब वस्तीतली पोरं बालवाडीत येईनात, मग ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. महागडं सामान आणायचं कुठून, तर शिंपले, बिया, पानं, काड्या, जे आजूबाजूला मिळेल ते. पुढे डहाणूजवळच्या कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये हेच काम मोठं झालं. या अंगणवाड्या ज्यातून चालतात ती सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली ती 2 ऑक्टोबर 1975 ला, म्हणजे तब्बल 30 वर्षांनी. मटाराच्या या परातीमागे एवढं सगळं आहे.

(दृश्य: ताई आणि एक मुलगा, मातीचा गोळा.)

आणि हे ऐका. "हा कुठला रंग? लाल. शाब्बास." असं ताई करत नाहीत. विचारतात, "हे कसं केलंस रे?" आणि थांबतात. पोरगा वर बघतो, खाली बघतो, नाक पुसतो. ताई अजून थांबल्यात. मग तो सुटतो, की हा ट्रक आहे नि याच्यात कांदे आहेत नि पप्पा मागे बसलेत.

(दृश्य: हात धुणं, खिचडी, दंडाला पट्टी.)

खाण्याआधी साबणाने हात, बोटांच्या मधे सुद्धा. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की कुपोषण तपासायची ही पट्टी लाल दाखवते, त्या मुलाला लगेच डॉक्टरांकडे पाठवतात.

हात तयार असला की पहिलीत गेल्यावर अक्षर वळवणं सोपं जातं.

(दृश्य: पालक मीटिंग, दाराबाहेर चपला.)

एक पप्पा उठून विचारतात, टीचर, होमवर्क का नाही देत? ताई म्हणतात, देते ना. चपातीचं पीठ मळाल तेव्हा एक गोळा तिला द्या. शर्टाची बटणं तिची तिला लावू दे, तुम्हाला लोकल पकडायची असेल तर दहा मिनिटं आधी उठवा. आणि उद्या येताना घरातला एखादा जुना टॉवेल पाठवा, आमचे सगळे पिळून पिळून फाटलेत.