उजेडात जमीन बघा : साताऱ्याच्या पाण्याकाठी तंबूचा मुक्काम

(दृश्य : खंबाटकी घाट, दुपारचं ऊन. टपावर सामान बांधलेली मोटार वळण घेते.)

निवेदन : पुण्याहून वाई सुमारे ९० किलोमीटर, सातारा शहर ११० ते ११५. घाटात खोळंबा नसला तर दोन-अडीच तासांचा रस्ता. पण तंबू टाकून राहायचं असेल तर हा हिशेब पुरत नाही. मुक्कामाची जागा किती लांब, हे मावळतीवर ठरतं. डिसेंबरात इथं सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि वाईच्या पश्चिमेला दरीत तो अर्धा तास आधीच डोंगराआड जातो. गाडीतून उतराल तेव्हा पाच वाजलेले नसावेत. जमीन, पाणी, वारा, रस्ता आणि मालक या पाच गोष्टी बघायला उजेडाचा एक तास लागतो.

म्हणून शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघायचा बेत सोडून द्या. खेड शिवापूरचा टोलनाका आणि खंबाटकीची रांग ओलांडून वाईला पोचेपर्यंत नऊ वाजतात. मग जिथं गाडी थांबेल तिथं तंबू उभा राहतो, आणि सकाळी कळतं की तो गुरांच्या वाटेवर आहे. शनिवारी अकराला निघा. जेवण वाटेत करा.

(दृश्य : सुरूर फाटा, वाईकडे वळणारी गाडी. नंतर धोमचा जलाशय, काठावरची भेगाळलेली जमीन.)

निवेदन : घाट उतरला की सुरूर फाट्यावरून उजवीकडे वाईचा रस्ता. वाईच्या पुढे कृष्णेवर धोम धरण, साठा साडेतेरा टीएमसी. जलाशयाच्या दोन्ही काठांनी गावं आहेत. कमळगडाच्या पायथ्याकडं सरकावं तशी गर्दी कमी होत जाते. पुणेकरांना सगळ्यात सोपा पडणारा पाणकाठ हाच.

सोपा आहे, पण फसवाही आहे. पावसाळा संपताना धरण भरलेलं असतं. पुढे शेतीसाठी पाणी सुटत जातं आणि काठ महिन्यागणिक खाली उतरतो. नोव्हेंबरात जिथं पाणी होतं, तिथं मार्चमध्ये सपाट, मऊ, मोकळी जमीन दिसते. गावात हिला गाळपेर म्हणतात, पाणी ओसरलं की त्यात पीकही घेतात. पाहुण्याला ही जागा आयती वाटते. वरची खपली वाळलेली असते, पण वीतभर खाली चिखल. गाडी तिथं नेली की चाक रुततं, मग ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं. तंबूची खुंटी लोण्यात सुरी जावी तशी आत जाते आणि वारा सुटला की तशीच बाहेर येते.

काठावर उभं राहून जुनी रेघ शोधा. सुकलेल्या काटक्या, फेसाचे डाग, प्लॅस्टिकच्या बाटल्या एका ओळीत अडकलेल्या दिसतात. धरण भरतं तेव्हा पाणी तिथवर येतं. तंबू त्या रेघेच्या वर, आणि पाण्यापासून निदान ६० मीटर लांब. भांडी घासायचं साबणाचं पाणी तळ्यात जाऊ नये म्हणूनही हे अंतर ठेवायचं, थंडीसाठीही. थंडीचं पुढे येईल.

पोहायला उतरू नका. धरणाच्या पोटात जुनी शेतं आहेत, बांध आहेत, विहिरी आहेत. काठावर गुडघाभर असलेलं पाणी पुढच्या पावलाला डोक्यावर जातं. त्यात खालचा गाळ पाय धरून ठेवतो, पट्टीच्या पोहणाऱ्याचाही.

धरणाच्या खालच्या अंगाला, नदीच्या पात्रात, तंबू कधीच नको. वाळू स्वच्छ असते, झुळूक असते, फोटो चांगले येतात. पण पाणी सोडायचा निर्णय तुमच्या मुक्कामाला विचारून होत नाही. कोयना धरणाच्या पायथा वीजगृहाची दोन्ही जनित्रं चालू झाली की नदीत २१०० क्युसेक पाणी येतं, आणि त्या दिवशी आभाळात ढगही नसतो.

(दृश्य : यवतेश्वराचा घाट, कासचा सडा, पुढे बामणोलीचा धक्का.)

निवेदन : साताऱ्याहून वर यवतेश्वर, मग कास. शहरापासून २५ किलोमीटर. कासचं पठार राखीव वन आहे आणि २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. तिथं तंबू टाकायचा नाही. नियम बाजूला ठेवला तरी ती जागा तंबूची नाहीच. सडा म्हणजे जांभ्याचा कातळ, त्यावर बोटभर माती, त्या मातीत सगळी फुलं. खुंटी कातळावर वाकते आणि फुलांचे कंद चिरडतात. कास तलाव सातारकरांच्या पिण्याच्या पाण्याचा आहे, त्याच्या काठीही भांडी घासत बसू नये.

कास ओलांडून खाली उतरलं की बामणोली आणि समोर शिवसागर, कोयनेचा जलाशय. त्याची क्षमता १०५ टीएमसीहून जास्त. पलीकडचा वासोटा किल्ला बोटीनं जाऊन, वन खात्याची परवानगी काढून, दिवसाउजेडी बघून परत यायचा. तो कोयना अभयारण्यात आहे, आणि हे अभयारण्य चांदोलीसह २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडतं. पलीकडं रात्र काढता येत नाही. मुक्काम अलीकडच्या काठी, गावच्या खासगी जमिनीत. तिथं गवे येतात, बिबट्याचा वावर असतो. खरकटं तंबूबाहेर ठेवलं की कुत्री येतात, आणि कुत्र्यांमागं बिबट्या.

ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीचं पठार आहे. सूर्यास्त देखणा, जागा उघडी. पवनचक्की उभी करण्याआधी कंपन्या तिथला वारा महिनोन्‌महिने मोजतात. तंबूवाल्यानं ते मोजमाप फुकटात वाचून घ्यावं आणि खाली उतरावं. सांगलीकरांना चांदोलीचा वारणाकाठ आणि सागरेश्वरचा परिसर जवळ, पण अभयारण्याच्या हद्दीत मुक्कामाचे नियम तिथंही तेच.

(दृश्य : शेताच्या बांधावर एक वयस्कर शेतकरी. खांद्यावर टॉवेल.)

निवेदन : जागा पसंत पडली की मालक शोधायचा. मोकळं रान दिसलं म्हणून ते बेवारशी नसतं. पाण्यालगतची पट्टी बहुधा जलसंपदा विभागाची, तिच्या वर कुणाची तरी वडिलोपार्जित जमीन. जवळच्या घरापाशी जाऊन "काका, रात्रीपुरता इथं तंबू टाकला तर चालेल का?" एवढं विचारायचं. उत्तर साधारण असं येतं : "टाका की. पर त्या कडंला नको, रातचं डुकरं येत्यात."

या एका वाक्यात दोन इशारे आहेत. पहिला रानडुकरांचा. दुसरा न बोललेला : डुकरांसाठी शेताभोवती झटका मशीनची, म्हणजे विजेचा झटका देणारी तार असते. अंधारात ती दिसत नाही. लघवीला उठणाऱ्या माणसाला ती कुठून कुठं गेली आहे, हे उजेडातच बघून ठेवायला हवं. मशीन रात्री किती वाजता चालू करतात, तेही काकांनाच विचारा. पैसे घेत नसतील तर रात्रीची पिठलं-भाकरी त्यांच्याच घरी सांगा. मात्र दुपारीच सांगा. संध्याकाळी सात वाजता आठ माणसांच्या भाकरी थापायला कुणाच्याही घरची बाई मोकळी नसते.

तयार तंबू लावून देणारेही आता पुष्कळ झालेत. त्यांना दर विचारण्याआधी तंबू किती आणि संडास किती, हे विचारा. वीस तंबूंना दोन संडास असतील तर सकाळी सहाला काय होतं, ते सांगायला नको. स्पीकर लावतात का, हा पुढचा प्रश्न. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला कायद्यानं बंदी आहे. "आमच्याकडं कुणी तक्रार करत नाही" असं उत्तर आलं तर दुसरी जागा बघा.

(दृश्य : दोन हात जमिनीवरचे खडे वेचतात. मग एक माणूस मोकळ्या जमिनीवर आडवा होऊन बघतो.)

निवेदन : तंबू उलगडण्याआधी त्या जागेवर स्वतः आडवं व्हा, दोन मिनिटं. उतार डोळ्यांना दिसत नाही, पाठीला कळतो. डोकं चढाकडं ठेवायचं. उतार आडवा असेल तर रात्रभर एक जण दुसऱ्याच्या अंगावर घरंगळतो.

सगळ्यात चांगली जमीन मुरमाड. पाणी जिरतं आणि खुंटी धरून ठेवते. काळी माती वाळली की भेगाळते, भिजली की बुटाला पोतंभर चिकटते. कापलेल्या ज्वारीच्या रानात धसकटं असतात. वाळलेलं धसकट तंबूचा तळ सुईसारखा फोडतं, आणि भोक लक्षात येतं ते पाठ ओली झाल्यावर. बांधाला टेकून तंबू नको. बांधात उंदरांची बिळं, आणि उंदरांमागं साप. वारूळ, गुरं बसायची जागा आणि ओघळ टाळा. गुरांच्या जागी गोचिड असतात. ओघळ कोरडा असला तरी अवकाळी पावसाचा पहिला लोट तिथूनच येतो.

झाडाखाली दव कमी पडतं, म्हणून तिथं टाकायचा मोह होतो. हरकत नाही, पण आधी मान वर करा. वाळकी फांदी आहे का, आग्यामोहोळ आहे का. आग्या माश्या धुरानं चवताळतात, त्यामुळं मोहोळाखाली शेकोटी म्हणजे आपण होऊन दिलेलं आमंत्रण.

आता थंडी. महाबळेश्वरला कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात, तशी बातमी बहुतेक हिवाळ्यांत येते. गोठतात कुठं? वेण्णा तलावाच्या परिसरात, वरच्या बाजारात नव्हे. गार हवा जड असते. ती रात्री उतारावरून निथळत खोलगटात साचते. धोमच्या काठीही तेच होतं : पाण्यालगतच्या खळग्यातला तंबू पहाटे ओलागार, आणि दहा-पंधरा फूट उंचीवरच्या टेपाडावरचा बराच कोरडा. टेपाड निवडा.

(दृश्य : तंबू उभारणी. खुंटी ठोकणारा हात, जवळून.)

निवेदन : दोन माणसांना तीन माणसांचा तंबू घ्या. कंपनीचं माप अंगाला अंग लावून झोपणाऱ्यांचं असतं, त्यात पिशव्या धरलेल्या नसतात. खाली अंथरायचं ताडपत्रीचं कापड तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं आत हवं. बाहेर आलेली कडा पाऊस किंवा दव गोळा करून थेट पाठीखाली पोचवते. खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं, दोरी खुंटीशी काटकोनात. तंबूसोबत येणाऱ्या बारीक सळईच्या खुंट्या मुरमात वाकतात. सात इंची, जाड, कोनी पट्टीच्या आठ-दहा खुंट्या वेगळ्या घ्या. कातळ लागला तर हट्ट करू नका. दोरी मोठ्या दगडाला गुंडाळा आणि त्यावर दुसरा दगड ठेवा.

वरचं आच्छादन आतल्या कापडाला टेकता कामा नये. झोपलेल्या दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात पेलाभर तरी पाणी बाहेर पडतं. ते गार कापडावर जमतं, आणि जिथं कापड कापडाला टेकतं तिथून ठिबकतं. लोक म्हणतात तंबू गळतो. बहुतेक वेळा तो गळत नसतो, जाळीची खिडकी थंडीला भिऊन बंद केलेली असते. ती चार बोटं उघडी ठेवा. जमिनीची थंडी वरून येणाऱ्या थंडीपेक्षा जास्त लागते, म्हणून आणखी एक रग पांघरण्याऐवजी ती अंगाखाली घाला.

तंबूत शेगडी, निखाऱ्यांचं घमेलं किंवा गॅस पेटवू नका. दार थोडं उघडं ठेवून चालेल का, असं लोक विचारतात. चालत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, खोकला येत नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो.

शेकोटी उघड्या मातीवर, तंबूपासून दहा-बारा फूट लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. जानेवारीनंतर गवत वाळलेलं असतं आणि साताऱ्याच्या डोंगरांवर वणवे लागतात. राखीव वनात विस्तव करणं भारतीय वन कायदा, १९२७ प्रमाणं गुन्हा आहे. झोपण्याआधी राखेवर पाणी ओता, काठीनं ढवळा, पुन्हा ओता. हात लावून गार लागली तरच विझली.

(दृश्य : रात्र. तंबूची चेन बंद होण्याचा आवाज. बूट आत घेतले जातात.)

निवेदन : चेन सतत बंद. कंटाळा येतो, तरी बंद. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश दुखत नाही, सूज नसते, म्हणून माणूस परत झोपतो. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. संशय जरी आला तरी चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही. पाय हलू न देता माणसाला दवाखान्यात न्यायचं. वाईला ग्रामीण रुग्णालय, साताऱ्याला जिल्हा रुग्णालय, रुग्णवाहिकेसाठी १०८. बामणोलीकडं मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून फोन कुठून लागतो हेही दुपारीच बघायचं. बूट बाहेर राहिले असतील तर सकाळी झटकल्याशिवाय पाय घालू नका. विंचवाला ती जागा आवडते.

पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी चार ते पाच लिटर पाणी घरून न्या. जलाशयाचं पाणी वापरायची वेळ आली तर गाळून, खळखळ उकळून. शौचाला पाण्यापासून ६० मीटर लांब जायचं, खुरप्यानं वीतभर खड्डा घ्यायचा आणि मातीनं बुजवायचा. ओले टिश्यू मात्र पिशवीत परत, ते मातीत कुजत नाहीत.

(दृश्य : सकाळ. धुकं विरतं आहे. आच्छादन झुडपावर वाळत घातलेलं.)

निवेदन : ऊन तंबूवर यायला दरीत आठ-साडेआठ होतात. तोवर आवरायची घाई नको. ओलं आच्छादन गुंडाळून घरी नेलं तर तीन-चार दिवसांत बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि शिवणीवरची पट्टी सुटायला लागते. वाळवायला वेळच नसेल तर घरी पोचल्यावर त्याच रात्री गॅलरीत टांगा. रविवारी संध्याकाळी खंबाटकीकडं जाणारी रांग मोठी असते. जेवायच्या आधी महामार्गाला लागलात तर बरं.

निघताना खुंट्या मोजा. बारा आणल्या असतील तर बारा परत पिशवीत. बारावी वाकलेली, शेकोटीपाशी फेकलेली असेल, तीही शोधा. सोमवारी त्याच गवतात काकांची म्हैस चरायला येते.