घरटी किती, माणशी किती

(दृश्य: इंदूर, सुदामा नगर. सकाळचे नऊ. ओट्यावर स्टीलचे डबे उघडे मांडलेले. कॅमेरा हातांवर, मग वहीवर.)

या घरातल्या काकूंनी आम्हाला एकच अट घातली. "वही दाखवा हवी तेवढी. मी दिसायला नको." म्हणून या फिल्ममध्ये त्यांचे हात दिसतील, आवाज ऐकू येईल, आणि वही दिसेल.

दोनशे पानी साधी वही. जमेचा रकाना डावीकडे, खर्चाचा उजवीकडे. पण खर्चाच्या रकान्याला मधोमध पेन्सिलीची एक रेघ आहे. रेघेच्या अलीकडे लिहिलंय ‘घरटी’, पलीकडे ‘माणशी’. नर्मदेच्या नळाचं बिल घरटी. मालमत्ता कर घरटी. दूध माणशी, बूट माणशी, वह्या-पुस्तकं माणशी, बसभाडं माणशी.

घरात माणसं सात. काकू, पाच मुलं आणि सासूबाई. मोठी मुलगी एकोणीसची, बी.कॉम. करतेय. दुसरी सतराची, तिसरी चौदाची. मग दोन मुलगे, अकरा आणि आठ वर्षांचे. यजमान पीथमपूरला कारखान्यात होते. 2022 साली गेले.

मोठं कुटुंब म्हटलं की लोक लगेच खाणारी तोंडं मोजायला लागतात. काकूंचं म्हणणं वेगळं आहे. "खायला फार लागत नाही हो. तिघांची भाजी सातांना पुरवता येते, वरण वाढवता येतं. फी कशी वाढवणार? बुटात दोघांनी पाय कसा घालायचा?"

घरटी खर्च माणसं वाढली म्हणून फारसा वाढत नाही, उलट प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतो. माणशी खर्चाला मात्र दयामाया नाही. पाच मुलं म्हणजे पाचपट. त्यामुळे काटकसर कुठे करायची हे ती पेन्सिलीची रेघ सांगते. साबण, तेल, चहा यांत दहा-वीस रुपये वाचवण्यासाठी काकू जीव टाकत नाहीत. ते सियागंजच्या घाऊक बाजारातून महिन्याचं एकदम घ्यायचं आणि विसरायचं. डोकं लावायचं ते शाळेच्या खर्चात.

(दृश्य: खजुरी बाजार. पुस्तकांच्या दुकानांची ओळ. जुन्या गाइडांचे गठ्ठे.)

मध्य प्रदेशात शाळेचं वर्ष एप्रिलपासून धरतात. मार्चअखेर निकाल लागला की मोठीची पुस्तकं दुसरीकडे, दुसरीची तिसरीकडे जातात. अभ्यासक्रम बदलला की मात्र साखळी तुटते, मग खजुरी बाजार गाठायचा. खासगी शाळांच्या फीबद्दल मध्य प्रदेशात 2017 सालचा कायदा आहे. वह्या, पुस्तकं, गणवेश ठरावीक दुकानातूनच घ्या असं शाळेला पालकांवर लादता येत नाही. काकूंना हा कायदा कलमासकट माहीत नाही. पण दुकानाच्या नावाची चिठ्ठी शाळेतून आली की त्या ती घडी घालून वहीत ठेवतात आणि आपल्या दुकानात जातात. आणखी एक गोष्ट त्या दरवर्षी करतात, ती म्हणजे भावंडांच्या फीत सवलत मागतात. बऱ्याच शाळा देतात, पण मागितल्याशिवाय सहसा कुणी देत नाही.

(दृश्य: स्वयंपाकघर. दोन शेगड्या. कोपऱ्यात निळा सिलिंडर.)

आता जमेची बाजू.

भंवरकुआँ भागात क्लासेसची मुलं राहतात. धारचे, खरगोनचे, झाबुआचे, कुठून कुठून आलेले. काकूंचे तिथे 14 डबे जातात, महिन्याला डब्यामागे 2,600 रुपये. गुणाकार केला तर 36,400. आकडा ऐकायला बरा वाटतो. त्यातून पीठ, भाजी, तेल, गॅस आणि डबे पोचवणाऱ्या मुलाचे पैसे गेले की हाती 14,000 च्या आसपास उरतात.

हे नक्की कळतं, कारण धंद्याचं आणि घरचं त्यांनी वेगळं ठेवलंय. धंद्याच्या गव्हाची कोठी वेगळी, तेलाचा डबा वेगळा. डब्यांसाठी 19 किलोचा निळा सिलिंडर, घरासाठी 14.2 किलोचा लाल. घरगुती सिलिंडरवर धंदा करायचा नाही हा नियम तर आहेच. पण काकूंचं कारण साधं आहे, दोन्ही एकत्र झाले की डब्यात नफा आहे की तोटा हे कळतच नाही. घरी बसून काम करणाऱ्या कितीतरी बायकांचा धंदा इथेच बुडतो, असं आमचंही मत झालं. पैसा येत असतो, भांडी घासून हात झिजतात, आणि वर्षाअखेरी काय उरलं याचं उत्तर कुणाकडेच नसतं.

दुसरी जमा पेन्शनची. यजमानांचा पीएफ कापला जायचा, त्यामुळे 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेतून विधवेला पेन्शन मिळते. काकूंना 3,200 येतात. मुलांना वेगळी, आईच्या पेन्शनचा चौथा हिस्सा प्रत्येकी, म्हणजे 800. आता पाच मुलांचे 4,000 झाले असं तुम्ही म्हणाल. नाही झाले. एका वेळी दोनच मुलांना मिळते, वयाने मोठी असतील त्यांना आधी, पंचविशीपर्यंत. मोठीची पंचविशी झाली की तिसरीची पाळी येणार. मुलग्यांची पाळी त्यानंतर, ज्याची येईल तेव्हा तो एकोणीस वर्षांचा असेल. आज त्यांच्या दुधाला आणि दप्तराला त्यातला एक रुपया नाही.

इथून पुढे ती पेन्सिलीची रेघ आम्हाला वहीबाहेरही दिसायला लागली. सरकार कुठे घर मोजतं, कुठे माणसं मोजतं?

सुकन्या समृद्धी खातं 2015 साली आलं. दहा वर्षांखालच्या मुलीच्या नावाने उघडायचं, पण कुटुंबात दोनच मुलींचं. जुळ्या-तिळ्यांचा अपवाद सोडला तर तिसरीला जागा नाही. यजमानांनी मोठ्या दोघींची खाती उघडली होती. मोठी अठराची झाल्यावर शिक्षणासाठी तिच्या खात्यातली निम्म्यापर्यंत रक्कम काढता आली, कॉलेजची फी त्यातूनच गेली. तिसरीसाठी काकूंनी पोस्टात पाच वर्षांची आवर्ती ठेव सुरू केलीय. महिन्याला 100 रुपयांपासून करता येते. यांची 500 ची आहे. व्याज सुकन्यापेक्षा कमी. "तिला सांगितलंय मी," काकू म्हणतात, "तू तिसरी आहेस म्हणून कमी नाही. कमी पडेल ते मी घालीन."

मध्य प्रदेश सरकारची लाडली बहना योजना 2023 साली महिना 1,000 रुपयांवर सुरू झाली. ती मोजते लग्न झालेल्या बायका, विधवा आणि सोडलेल्याही त्यात धरून. ज्या घरात तीन सुना नांदतात तिथे तीन नावं लागू शकतात. इथे योजनेच्या वयात बसणारी बाई एकच.

डब्यांच्या कामाला एक मावशी येतात. त्यांच्याही घरात सात माणसं, आणि त्यांच्याकडे कंट्रोलच्या धान्याची पर्ची आहे. माणशी पाच किलो, म्हणजे महिन्याला 35 किलो, जानेवारी 2023 पासून फुकट. सगळ्यात गरीब घरांचं अंत्योदय कार्ड असतं, त्यावर घरटी 35 किलो, माणसं कितीही असोत. म्हणजे सात माणसांवर दोन्ही कार्डं सारखीच! आठवं माणूस आलं की अंत्योदयवाला मागे पडतो. हे गणित मावशींनी आम्हाला भांडी विसळता विसळता सांगितलं.

काकूंकडे पर्ची नाही. पण सासूबाई सत्तरीच्या पुढे आहेत. 2024 पासून सत्तरीवरच्या कुणालाही, उत्पन्न न विचारता, आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत इस्पितळाचा खर्च मिळतो. ते कार्ड काढून देवघराच्या फळीवर ठेवलंय. बाकी सहाजणांना असं छत्र नाही. वहीतली ही सगळ्यात उघडी जागा.

(दृश्य: दाराशेजारचा विजेचा मीटर. भिंतीवर खडूने आकडे.)

विजेचं मात्र ऐकण्यासारखं आहे. मध्य प्रदेशात महिन्याचा वापर 150 युनिटच्या आत राहिला तर पहिल्या 100 युनिटांचे 100 रुपये पडतात, वरच्यांना नेहमीचा दर. 150 ओलांडले की सवलत पूर्ण जाते, सगळे युनिट नेहमीच्या दराने. मर्यादा घरटी आहे. नवरा-बायको दोघंच असलेल्या घराला 150, आणि या सातजणांनाही 150.

म्हणजे दिवसाला पाच युनिट. आठ वर्षांचा धाकटा रोज संध्याकाळी मीटर वाचतो आणि खडूने आकडा लिहितो. पाचाच्या वर गेलं की घरात आरडाओरडा करायचा अधिकार त्याला आहे, आणि तो मनापासून वापरतो. इस्त्री एका दिवशी, सगळ्यांची. अभ्यासाला एकच खोली, एकच पंखा. मे महिन्यात कूलर लागला की सगळं कोसळतं. "मेमध्ये मी नाद सोडते," काकू हसतात. "मुलं झोपली पाहिजेत ना." मे-जूनचं वाढीव बिल त्या फेब्रुवारीपासून थोडं थोडं बाजूला काढतात.

यजमान गेल्यावर पीएफला जोडलेल्या विम्याचे पैसे आले. या विम्यात सात लाखांपर्यंत मिळू शकतात. यांना सहाच्या आसपास मिळाले. सल्ले देणारे लगेच जमले. तीन मुली आहेत, सोनं करून ठेवा. प्लॉट घ्या. एकाला धंद्यात हवे होते. काकूंनी इस्पितळाची आणि नातेवाइकांची देणी फेडली आणि चार लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत टाकले. 7.4 टक्क्यांनी महिन्याला 2,466 रुपये येतात, बँकेच्या खात्यात, ठरल्या तारखेला. सोन्याबद्दल नणंद अजून बोलते. आम्हाला विचाराल तर या वहीतला सगळ्यात शहाणा निर्णय हाच. डबे सुट्टीत बंद पडतात, क्लासची मुलं दिवाळीला गावी जातात. व्याज गावी जात नाही.

घर आहे, मग त्यावर कर्ज का नाही काढत, हेही लोक विचारतात. घर यजमानांच्या नावावर होतं, मृत्युपत्र नव्हतं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने पत्नी, प्रत्येक मूल आणि आई यांना सारखा वाटा. म्हणजे सात वाटे. कायदा इथे माणशी मोजतो, आणि आठ वर्षांच्या धाकट्याचा वाटा काकूंच्या वाट्याएवढाच. अज्ञान मुलांचा वाटा विकायला किंवा गहाण टाकायला कोर्टाची परवानगी लागते. तेव्हा घर राहायला आहे, अडीनडीला नाही.

(दृश्य: दुपार. बैठकीत भिशीच्या बायका, चिठ्ठ्यांची वाटी.)

अडीनडीला आहे ती भिशी. बारा बायका, महिना 1,000. व्याज नाही, नफा नाही, वर्षातून एकदा एकरकमी 12,000. नंबर चिठ्ठीने लागतो, पण काकूंनी सुरुवातीलाच शब्द टाकला की मार्च माझा. कारण एप्रिलमध्ये शाळेची फी आणि वर्षाचे गहू एकदम येतात. माळव्यात लोकवन तेव्हाच स्वस्त मिळतो, एरंडेल चोळून कोठ्या भरायच्या. बायकांनी मान्य केलं, एकीने कुरकुर करून.

काकूंच्या स्वतःच्या नावावर काय आहे? बँकेतून वर्षाला 436 रुपये कापले जातात, जीवनज्योती विम्याचे. 20 रुपये सुरक्षा विम्याचे, तो अपघाताचा. पहिल्यात दोन लाख, दुसऱ्यातही दोन लाखांपर्यंत. वारस म्हणून मोठी मुलगी, कारण ती सज्ञान आहे. पाच मुलांच्या एकुलत्या कमावत्या माणसाला हे फार थोडं आहे, हे त्यांनाही ठाऊक आहे. मोठा टर्म विमा घ्यायचा तर हप्ता कुठून, यावर मोठी मुलगी सध्या कागद घेऊन बसते. शिकवण्यांचे तिचे 3,000 येतात, त्यातला हजार ती त्यासाठी द्यायला तयार आहे. काकू तयार नाहीत. "तिचे पैसे तिचे."

हा वाद चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशीही मिटलेला नव्हता. त्यात दुसरीचा बारावीनंतरचा क्लास उभा राहिला. फी 45,000, एकरकमी. काकू स्वतः जाऊन बोलल्या. क्लासवाले दोन हप्त्यांना तयार झाले, यांना तीन हवेत. एक सुकन्याच्या खात्यातून, दुसरा दिवाळीच्या चकल्या-अनारशांच्या ऑर्डरींतून, तिसरा भिशीतून. भिशी मार्चमध्ये, क्लासवाल्यांना पैसे जानेवारीत हवेत. जानेवारीचा नंबर त्या कुरकुर करणाऱ्या बाईंचा आहे. काकू उद्या संध्याकाळी त्यांच्याकडे जाणार आहेत.