निपाणीचा नि

श्रोतेहो, नमस्कार. मला विषय दिलाय, 'यशस्वी माणसांच्या सवयी'. विषय डोंगराएवढा आणि वेळ पाच मिनिटं. तेव्हा पहाटे चारला उठा, गार पाण्यानं अंघोळ करा, हे मी सांगणार नाही. आमचा दूधवाला जन्मभर चारला उठतोय, त्याला अजून कुणी व्याख्यानाला बोलावलेलं नाही.

मी माझ्या मामीची गोष्ट सांगतो.

मामी कर्नाटकातल्या आमच्या बेळगाव जिल्ह्यातली, खानापूर तालुक्यातली. शिक्षण मराठी चौथी. मामा गेले तेव्हा तिची चाळिशी उलटली होती. शेत नावावर करून घ्यायचं, तर सगळे कागद कन्नडमध्ये. बोलायला तिला कन्नड बरंच यायचं, बाजार करून करून आलेलं. वाचायला मात्र एक अक्षर नाही. कागद आला की शेजारच्या पोराला गाठायचं. पोरगा चहा प्यायचा, दोन बिस्किटं खायचा आणि म्हणायचा, "मामी, काय नाही, सगळं बरोबर आहे बघा."

भाजी घेऊन मामी आठवड्यातून तीन-चारदा बेळगावला जायची. स्टँडवर अर्धा-पाऊण तास गाडीची वाट बघणं ठरलेलंच. तिथं बसल्या बसल्या तिनं ठरवलं, गाड्यांच्या पाट्यांवरनं रोज दोन अक्षरं शिकायची. लक्षात घ्या, रोज दोन. तिसरं नाही. कॉलेजच्या पोरींना विचारायची, "बाई गं, ही जिलबी कसली?" घरी येऊन चुलीपुढं कोळशानं गिरवायची.

तशी आपल्याला ही लिपी जड नाही. कन्नडची वर्णमाला ४९ अक्षरांची, क्रम आपलाच, क ख ग घ. फक्त ए आणि ओ ऱ्हस्वही असतात, दीर्घही. जोडाक्षरातलं दुसरं अक्षर पहिल्याच्या पायाशी जाऊन बसतं. तरी पाटी शिकून भाषा बाटते म्हणणारे लोक आमच्या गल्लीत आहेत. त्यांच्या घरी मराठी पेपर येतो तो भजी ठेवायला. असो.

तर मामी. खानापूरच्या पाटीत मधला 'ना' तिनं ओळखला. मग निपाणीच्या पाटीवर पहिलंच अक्षर तेच, डोक्यावरची खूण तेवढी निराळी. तो 'नि'. त्या दिवशी ती एवढी खूश झाली की मला येता येता कुंदा आणला. कुंदा म्हणजे आमच्या बेळगावची दुधाची मिठाई. ती, मंडळी, त्याच दिवशी खायची. फ्रीजमध्ये ठेवून तिचा दगड करणाऱ्यांशी माझं बोलणं नाही.

मग व्हायचं ते झालं. खानापूरला स्टँडवर 'ब' दिसला आणि मामी थाटात गाडीत चढली. कुणाला विचारलं नाही, आता वाचता येत होतं ना! कंडक्टर म्हणाला, "बैलहोंगलचं किती?" बेळगावचा 'बे' आणि बैलहोंगलचा 'बै' यांत एका शेपटीचा फरक. पुढच्या थांब्याला उतरून, डोक्यावर मेथीची पाटी घेऊन बाई चालत परत आली. मी म्हणालो, आता सोडशील. तर म्हणाली, "सोडतो कशाला? आज शेपटी शिकलो की रे." आमच्याकडं बायकाही असंच बोलतात, पुण्याच्या श्रोत्यांनी कान टवकारू नयेत.

बाराखडी, जोडाक्षरं धरून वर्ष गेलं. मग एका कचेरीत शेताचा उतारा हातात आला. शेजारचा पोरगा बरोबर नव्हता. मामीनं बोट ठेवून एकेक अक्षर लावलं आणि टेबलापलीकडं बघून म्हणाली, "काय ओ साहेब, माझं नाव मालती. त्यात हा निपाणीचा नि कुठनं आला?"

कागदावर 'मालिनी' झालं होतं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. नि तिथंच होता. दुरुस्तीला पुढं तीन महिने लागले, पण लागली.

तर यात सवय कुठली? रोज दोन अक्षरं, आणि तीही गाडीची वाट बघताना. नव्या कामाला तिनं नवा वेळ काढलाच नाही. आपण नवा खोंड एकटा जुंपतो का? मुरलेल्या बैलाच्या जोडीला देतो. तसंच. जे काम रोज होतंच, त्याच्या जोडीला नवं काम द्यायचं. पुन्हा सांगतो, जे रोज होतंच त्याच्या जोडीला.

वेळ थोडा राहिलाय, तरी बेळगावच्या किर्लोस्कर रोडवरनं जाताना एक आठवण ठेवा. लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८६९. मुंबईला चित्रकला शिकायला गेले, तर रंग ओळखण्यात दोष निघाला. त्यांनी चित्रकला सोडली, रेघ सोडली नाही, यंत्रांची ड्रॉइंग शिकले. १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढं लोखंडी नांगर केले, तर लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी घेईनात. नांगर पडून राहिले, यांनी काम चालू ठेवलं. हा माणूस एका भाषणाचा आहे, रेडिओ केंद्राला सांगून बघतो.

मामीचं विचाराल तर सध्या तिनं औषधांच्या चिठ्ठ्यांचं इंग्रजी धरलंय. दवाखान्याच्या बाकावर बसून, रोज दोन अक्षरं. परवा मला चिठ्ठी दाखवून म्हणाली, "हे अक्षर कुठल्या गाडीवर बघितल्यागत वाटत नाही रे." मलाही वाचता आलं नाही.

नमस्कार.